बाकांची आयात

प्रिय टिटवे,

मंगळवार, १० फेब्रुवारी, संध्याकाळी सहा वाजून बावीस मिनिटांनी तू माझी बाकं पुसलीस. सगळीच्या सगळी, एका फटक्यात. मी चहा गाळत होते आणि मोबाईल टुणकन वाजला, म्हणून वेळ पक्की आहे. तुमच्या त्या सगळ्यांनी मिळून बनवायच्या नकाशावर ‘बाकवाली’ नावाची जी कोणी बाई गेल्या आठवड्यात आपल्या शहरात बाकं टाकून गेली, ती मी. तुझी सख्खी मावशी. आता पाणी पी आणि पुढचं वाच.

हे पत्र कागदावर लिहिते आहे, कारण कागद तुला बटण दाबून मागे घेता येणार नाही. शिवाय मोबाईलवर मला एवढं लांबलचक रागावता येत नाही, अंगठा दुखतो. आमच्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टर म्हणायच्या की रागाचं पत्र नेहमी सुवाच्य अक्षरात लिहावं, म्हणजे ‘वाचता आलं नाही’ म्हणायची सोय समोरच्याला राहत नाही. तेव्हा अक्षर बघ आणि सबबी शोधू नकोस.

तू मला पाठवलेला निरोप मी इतक्यांदा वाचला आहे की तोंडपाठ झाला. ‘नमस्कार, नकाशात आपलं स्वागत आहे. आपण एकाच वेळी, एकाच साच्यात बरीच बाकं टाकलेली दिसतात. हा बाहेरून आणलेल्या माहितीचा अघोषित इम्पोर्ट वाटतो. इम्पोर्ट करण्यापूर्वी समूहात चर्चा होणं अपेक्षित असतं, म्हणून तूर्त बदल मागे घेत आहे. स्रोत म्हणून आपण ‘ताई’ असं लिहिलं आहे. हा कोणता डेटासेट आहे आणि त्याचा परवाना काय, ते कळवावे.’ आणि खाली सही, टिटवी.

ताई म्हणजे तुझी आई, शहाणे. परवाना तिच्याकडे कधीच नव्हता, तुझ्या बाबांकडेही नव्हता, तरी तू झालीस.

मला तू कशी सापडलीस, तर त्या नावावरून. पाळण्यात तू जी ओरडायचीस ती ऐकून ताईनेच तुला टिटवी म्हटलं होतं, आणि जगात स्वतःला टिटवी म्हणवून घेऊन वर ‘तूर्त’ असा शब्द वापरणारी दुसरी बाई असणार नाही. ‘तूर्त’ हा तुझ्या आईचा शब्द. मैदान तूर्त बंद, खोखोचा सराव तूर्त सकाळी. तिच्या शाळेच्या फळ्यावरून तो तुझ्या तोंडात गेला आणि आता तू तो माझ्यावर उगारलास. मग मी तुझ्या नावावर बोट टेकवलं, तर तू काय काय तपासतेस ते दिसलं. आपल्या शहराचा अख्खा नकाशा तू तिकडे नोकरीच्या गावी बसून राखतेस. कुणी गल्लीचं नाव चुकवलं की तू हजर, कुणी दवाखाना रस्त्याच्या पलीकडे टाकला की तू हजर. म्हणजे जवळजवळ रोज तू इथे येऊन जातेस आणि आम्हाला पत्ताही नाही. खरं सांगू, राग होता तो तिथे थोडा विरघळला. पण थोडाच. पुढे लिहिते.

‘अघोषित’ हा शब्द मला लागला. मी उभा जन्म कस्टम्समध्ये काढला. लोकांच्या पेट्या उघडून, त्यांच्या चेहऱ्याकडे बघत, ‘काही सांगायचं राहिलंय का?’ असं मी विचारायचे. मला कुणी तो प्रश्न विचारायची वेळ आली नव्हती, ती तू आणलीस. इम्पोर्ट म्हणजे काय ते मला तू शिकवावंस? आता ऐक. माणूस स्वतःच्या अंगावर, स्वतःच्या वापराचं, स्वतः बाळगून जे आणतो ते सामान. दुसऱ्याने बांधलेलं खोकं न उघडता आत ढकलतो ती आयात. सगळी मेख तिथे आहे. खोकं लहान की मोठं हा प्रश्न नंतरचा. एक गृहस्थ एकदा एकेक घड्याळ एकेका मोज्यात घालून आले होते आणि म्हणाले, मी तर सगळी हातानेच आणली. मी म्हटलं, हाताने आणल्याने घड्याळं तुमची होत नाहीत. तुमच्यातही तसंच असतं असं मी वाचलं. कुणाची तरी तयार यादी घेऊन ती एकेक ओळ हाताने टाईप केली तरी तो इम्पोर्टच. बरोबर आहे. तो नियम मला मान्य आहे, अगदी आवडला.

आणि तुला संशय आला हेही मला मान्य आहे, बघ किती मोठ्या मनाची आहे मी. एकाच बैठकीत सत्तरच्या घरात बाकं, प्रत्येकाची माहिती त्याच क्रमाने, त्याच शब्दांत: पाठ आहे, हात आहे, सावली दुपारनंतर. मी असते तर मीही त्या प्रवाशाला बाजूला घेतलं असतं. पण बाजूला घेऊन आधी विचारलं असतं. माल समुद्रात फेकून मग पावती मागितली नसती. एकसारखं लिहिलं कारण मला वेगवेगळं लिहिता येत नाही. आमच्याकडे ‘लाकडी खुर्ची’ आणि ‘खुर्ची, लाकडी’ असं दोन ठिकाणी दोन तऱ्हेने लिहिलं तर साहेब फाईल तोंडावर मारायचे. आणि एका बैठकीत टाकली कारण उन्हात मोबाईलचं काही दिसत नाही. मी प्रत्येक बाकाचा फोटो काढत गेले आणि सगळा हिवाळा ते फोटो साठवून, मग घरी पंख्याखाली बसून त्यांवरून सगळी बाकं एकदम चढवली. यंत्राने केल्यासारखं दिसलं म्हणतेस, तर मी ते कौतुक समजते.

आता ही बाकं कुठून आली ते ऐक, कारण ती परत हवी आहेत आणि का हवी आहेत ते तुला कळायला हवं. त्यांच्यावर एका बाईचं घराबाहेर पडणं अवलंबून आहे.

तू मागच्या खेपेला आलीस तेव्हा मला औषधाच्या दुकानाची वेळ नकाशात भरायला शिकवून गेलीस. ताई तुला सोडायला स्टेशनपर्यंत चालत आली होती, तुझी जड बॅग तिनेच ओढली, तू ‘अगं आई दे’ म्हणत मागे पळत होतीस. तुझ्या डोळ्यांसमोर तीच आई असणार. शाळेतल्या पोरांची शिट्टी बाई, खेळाची शिक्षिका. मी कॉन्व्हेंटात शिकले, ती मैदानात शिकली, असं आमचे वडील म्हणायचे, आणि तिच्याबरोबर चालणं म्हणजे माझ्यासाठी कायम तिच्या पाठीकडे बघत चालणं होतं.

त्यानंतर काही महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की ताई हल्ली पाट्या फार वाचते. भाजी घेऊन येताना ती एका बंद दुकानासमोर थांबली आणि शटरवरची पाटी वाचत राहिली. मग डॉक्टरांची पाटी. मग विजेच्या खांबावर चिकटवलेली शिकवणीची जाहिरात. मी वैतागून म्हटलं, आता या वयात तुला गणिताची शिकवणी लावायची आहे का? ती हसली नाही. हसायला श्वास लागतो. तेव्हा मला कळलं की ती वाचत नव्हती, उभी होती. पाटीसमोर उभं राहिलं की कुणी ‘काय झालं?’ म्हणून विचारत नाही, हे तिने शोधून काढलं होतं.

मग तिने बाहेर पडणंच सोडलं. आज कंटाळा आलाय, आज ऊन आहे, आज पाहुणे येतील. आपल्याकडे पाहुणे कोण येणार? काठी घे म्हटलं तर म्हणाली, काठी तू घे, तुझ्या जिभेला टेकायला उपयोगी पडेल. चाकाची खुर्ची म्हटल्यावर ताटावरून उठून गेली. शेवटी एका सकाळी स्वतःच म्हणाली, ‘मला चालायला त्रास नाही गं. मला थांबायला जागा नाही.’

हे वाक्य मी घेऊन बसले. जागा शोधायच्या तर शोधायच्या. मी आधी जाऊन बाक हेरायचे, मग आम्ही दोघी तिथवर जायचो. परीक्षक ताई. नुसतं बाक असून तिला चालत नाही. पाठ हवी, आणि हात हवाच, कारण बसणं सोपं असतं, उठताना रेटायला काही लागतं. वाचनालयासमोरचं संगमरवरी बाक तिने नापास केलं, देणगीदाराचं नाव एवढं मोठं आणि हाताचा पत्ता नाही. बागेतलं हिरवं पास झालं, पण बसणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीवर रंगाच्या पट्ट्या उठतात. शाळेच्या कोपऱ्यावरचं सगळ्यात आवडतं, तिथून मैदान दिसतं. तिथे बसून ती परक्या मुलांच्या लंगडीतल्या चुका काढते. तू लिहिलंस ना, स्रोत स्पष्ट करा म्हणून. प्रत्येक बाकावर ती बसली आहे. याहून स्पष्ट स्रोत कसा करतात ते मला माहीत नाही.

टायरवाल्याने आम्हाला पाहून पाहून आत एक खुर्ची ठेवली आहे, आम्ही दिसलो की तो ती बाहेर आणतो. ताई म्हणाली, हीसुद्धा टाक नकाशात. मी नाही टाकली. जी वस्तू रात्री उचलून आत नेतात ती नकाशात घालायची नाही, हा तुमचा नियम मी तिला सांगितला. तर म्हणते, मग मलाही घालू नकोस, मीही रात्री आत जाते. टायरवाला एवढा हसला की त्याचं पान्यावरचं बोट सटकलं.

महापालिकेची बाकांची यादीही माझ्याकडे होती, हे लपवत नाही. उद्यान खात्यातून मागून आणली होती. ती मी तशीच्या तशी चढवली असती तर तू पुसलेलं मी गुमान सोसलं असतं. पण पहिल्याच दिवशी त्या यादीवर विश्वासून आम्ही टाकीजवळच्या बाकापर्यंत गेलो, आणि तिथे बाकाचे चार लोखंडी पाय होते. फक्त पाय. वरची फळी कुणी कधी नेली देव जाणे, यादीत बाक ‘सुस्थितीत’. ताई त्या चार पायांकडे बघत उभी राहिली. पाटीही नव्हती जवळ. मग मी तिच्यासमोर उभी राहून माझ्या खांद्यावर तिचे हात घेतले आणि आम्ही दोघी भररस्त्यात, नाच शिकणाऱ्या पोरींसारख्या, तिचा श्वास परत येईपर्यंत तशाच राहिलो. येणारेजाणारे बघत होते. मी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी बघणं सोडलं. त्या दिवसापासून यादी बंद. डोळ्यांनी बघू, बसून बघू, मगच लिहू. म्हणजे तुझ्या नियमामागचं कारण मला तुझ्याआधी कळलं आहे, तेही तिच्या हातांच्या वजनासकट.

शेवटच्या काही नोंदींवर तू वेगळा शेरा मारला आहेस: हे कठडे आणि पायऱ्या आहेत, यांना बाक म्हणता येत नाही. मान्य. बँकेचा कठडा हा कठडाच आहे आणि दवाखान्याच्या कोपऱ्यावरची पायरी ही पायरीच. पण एका बाकापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर जानेवारीत लांब झालं. रस्ता तेवढाच होता. मधे कुठेतरी टेकायला लागायचं, आणि जिथे ती टेकली ते मी बाक म्हणून लिहिलं. तू नकाशातली जाणकार ना, बाई? नुसता साचा एकसारखा आहे एवढंच दिसलं तुला? ती बाकं मी टाकली त्या क्रमाने नीट बघितली असतीस तर दिसलं असतं की पहिली तळ्याकाठची आहेत, मग बाजाराची, मग आपल्या रस्त्याची, आणि शेवटची दोन आपल्याच फाटकापासून हाकेच्या अंतरावर. हे तू आत्ता वाचते आहेस. मी ते सगळा हिवाळा बघत आले.

आता माझी उलटतपासणी. तुझ्या आईविषयी तुझ्याकडे जी माहिती आहे तिचा स्रोत काय? रविवारचा फोन. तो फोन कसा तयार होतो ते तुला ठाऊक नाही. तू करायच्या बऱ्याच आधी ती खुर्चीत येऊन बसते. पाठ टेकवते, श्वास जमवते, मला खिडकी लावायला सांगते म्हणजे बाहेरच्या आवाजात जोराने बोलावं लागू नये. मग तू विचारतेस कशी आहेस, आणि ती म्हणते, ‘मस्त. तू बोल.’ तीन शब्द. मग तू बोलतेस, ती ऐकते, आणि तू ठेवलास की ती डोळे मिटून बसते, चेहरा मात्र असा की जणू शर्यत जिंकली. तू मला एकदा हळूच विचारलंस, आई रुसली आहे का गं, हल्ली बोलत नाही. रुसली नाही, बाळा. लांब वाक्य तिला परवडत नाही, आणि जे काही परवडतं ते ती तुझं ऐकण्यात घालवते. तुला दर रविवारी बांधलेलं खोकं मिळतं, वर ‘सुस्थितीत’ असं लिहिलेलं, आणि तू ते न उघडता आत घेतेस. तुला दोष देत नाही. ते बांधणारी तुझी आई आहे आणि गाठ मारण्यात तिचा हात कुणी धरत नाही. पण अनोळखी बाईच्या बाकांवर तू जेवढा संशय घेतलास, त्याच्या पावपट तरी या ‘मस्त’वर घ्यायचास.

तर आता मुद्दा. तिच्या हृदयाची एक झडप खराब झाली आहे आणि सोमवार, २ मार्चला सकाळी तिचं ऑपरेशन आहे. डॉक्टर चांगले आहेत, गेल्या वर्षीच करायला हवं होतं म्हणाले, होईल म्हणाले, आणि ‘होईल’ म्हणताना कागदाकडे बघत होते. ताईने मला शपथ घातली आहे की झाल्याशिवाय टिटवीला सांगायचं नाही, तिची नोकरी आहे, ती धावत येईल, उगाच घाबरेल. मी तोंडाने सांगणार नाही असं वचन दिलं. लिहिण्याविषयी काही बोलणं झालं नव्हतं, आणि असल्या फटी शोधण्यात कॉन्व्हेंटातल्या मुलींना कुणी हरवू शकत नाही. ती रागावेल, माझ्याशी बोलणार नाही, ते मी बघून घेईन. ती ऑपरेशनला जाण्याआधी तू तिला तुझ्या डोळ्यांनी बघावंस, आणि तिने तुला, हे मला हवं आहे. नंतरचं कुणी सांगावं, मी तर सांगणार नाही. काल संध्याकाळी ती झोपेत तुझं नाव घेत होती वगैरे, असलं काही रचून मी तुला बोलावणार नाही. ती जागी होती आणि मला म्हणाली, ‘तिने विचारलं तर सांग, मी बाहेर फिरायला गेलेय.’ एवढंच. फोन करू नकोस, फोन तिच्या उशाशी असतो आणि माझा आवाज खोटं बोलताना चढतो. माझ्या मोबाईलवर लिहून पाठव, माझा मोबाईल ती बघत नाही, अक्षरं बारीक आहेत. कुठल्या दिवशी, किती वाजता पोचतेस तेवढं लिही, न्यायला मी येईन. येता येत नसेल तर तेही लेखी दे, माझ्याकडे बघून नव्हे, तिच्याकडे बघून दे, आणि मग मी तुला एक शब्द बोलणार नाही. पण अनुत्तरित राहू नकोस. सोमवार, २३ फेब्रुवारी, दुपारी बाराच्या आत मला तुझं लेखी उत्तर हवं आहे.

तुझीच, आणि तूर्त तुझ्यावर रागावलेली,
मावशी